उसन्या फुफ्फुसातला न्यूमोनिया

पाणी पिताना एखादा घोट चुकून श्वासनलिकेत उतरला की सणसणून ठसका लागतो. नाकाडोळ्यांतून पाणी येतं, चेहरा लाल होतो, पण घोट बाहेर पडतो. ठसका लागावा म्हणून आपण काहीच करत नाही. श्वासनलिकेच्या अस्तरात पसरलेले मज्जातंतू धोक्याची वर्दी देतात आणि शरीर परस्पर कामाला लागतं.

फुफ्फुस प्रत्यारोपणात हे मज्जातंतू कापले जातात. सर्जन रक्तवाहिन्या जोडतात, श्वासनलिकेची फांदी जोडतात, पण मज्जातंतू जोडता येत नाहीत. ऑपरेशननंतर घशाशी काही अडकलं तर रुग्णाला ठसका लागतो, कारण घसा त्याचा स्वतःचा आहे. टाक्यांच्या खाली काही उतरलं तर मात्र नव्या फुफ्फुसाला त्याची खबरच नसते. तिथे कफ साठत राहतो आणि माणसाला खोकावंसंही वाटत नाही. जिवाणूंना याहून सोयीची जागा कुठली मिळणार?

अशा फुफ्फुसात जिवाणूंचा संसर्ग झाला तर काय करायचं? वरवर पाहता उत्तर सोपं आहे: जंतू शोधा आणि त्याला मारणारं अँटिबायोटिक द्या. प्रत्यक्षात दोन्ही पायऱ्या निसरड्या आहेत. सापडलेला जंतूच गुन्हेगार असेल असं नाही. आणि त्याला मारणारं औषध या रुग्णाला सोसेलच असंही नाही.

उघड्यावरचा अवयव

मूत्रपिंड किंवा यकृत शरीरात आत, बंद जागेत असतं. फुफ्फुस उघड्यावर असतं. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूससुद्धा दिवसभरात सुमारे १०,००० लिटर हवा आत-बाहेर करतो, आणि त्या हवेबरोबर धूळ, बुरशीचे बीजाणू, जिवाणू, विषाणू सगळंच आत येतं. निरोगी फुफ्फुसात यासाठी चोख झाडलोट चालू असते. नळ्यांच्या आतले सूक्ष्म केस चिकट कफाचा थर हळूहळू वर ढकलत घशापर्यंत आणून सोडतात. प्रत्यारोपणानंतर ही झाडलोट मंदावते.

टाक्यांच्या जागेचं दुखणं आणखी वेगळं. श्वासनलिकेच्या भिंतीला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्या बहुतेक ऑपरेशनांत जोडल्या जात नाहीत. जोडाजवळच्या भागाला सुरुवातीचे काही आठवडे फुफ्फुसाकडे येणाऱ्या अशुद्ध रक्तातून जे झिरपेल तेवढ्यावर भागवावं लागतं. रक्त कमी पडलं की जखम भरायला वेळ लागतो, आणि न भरलेल्या जखमेत जंतू तळ ठोकतात.

या एका जोडाने सर्जनना फार छळलं आहे. पहिलं फुफ्फुस प्रत्यारोपण १९६३ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठात जेम्स हार्डी यांनी केलं. रुग्ण १८ दिवस जगला. पुढची जवळपास वीस वर्षं जगभरातले प्रयत्न बहुतेक असेच संपले. कुठे जंतुसंसर्ग झाला, कुठे शरीराने फुफ्फुस नाकारलं, कुठे जोडच उसवला. १९८३ साली टोरांटोला जोएल कूपर यांच्या पथकाला यश आलं तोवर शरीराला परका अवयव नाकारू न देणारं सायक्लोस्पोरिन हे औषध हाताशी आलं होतं, त्यामुळे जोड भरू न देणारे स्टेरॉइडचे मोठे डोस सुरुवातीला टाळता आले.

आज बहुतेकांना आयुष्यभर तीन औषधं घ्यावी लागतात: टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि थोड्या डोसमध्ये प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड. परक्या अवयवावर तुटून पडणाऱ्या पेशींना ती आवरतात. पण त्याच पेशी जंतूंवरही पहारा ठेवत असतात. फुफ्फुसात अशा पेशींचा राबता मुळातच मोठा, शिवाय बाहेरची हवा त्यांना सारखी डिवचत असते. म्हणून मूत्रपिंड बदललेल्या माणसापेक्षा फुफ्फुस बदललेल्याची प्रतिकारशक्ती जास्त दाबून ठेवावी लागते. गंमत अशी, की टॅक्रोलिमस मूळचं एका जिवाणूचंच! जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीत सापडलेल्या जिवाणूतून ते १९८४ साली हाती आलं.

ऑपरेशननंतरचा पहिला महिना ओलांडल्यावर वर्ष पुरं होईपर्यंत या रुग्णांच्या मृत्यूचं सर्वांत मोठं कारण संसर्ग हेच असतं.

जंतू येतात कुठून?

काही तर नव्या फुफ्फुसाबरोबरच येतात. अवयवदाता बहुतेक वेळा अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर असतो, आणि घशातून घातलेली नळी म्हणजे जंतूंना आत उतरायला शिडीच. म्हणून दात्याच्या श्वासनलिकेतला स्राव कल्चरला पाठवतात, म्हणजे त्यातून कोणते जंतू वाढतात ते प्रयोगशाळेत बघतात. रिपोर्टची वाट न बघता रुग्णाला ऑपरेशनच्या वेळीच अँटिबायोटिक सुरू होतं, आणि रिपोर्ट आला की ते बदलतात किंवा थांबवतात. दात्याच्या फुफ्फुसात जंतू आहे एवढ्यावरून ते फुफ्फुस बाद होत नाही. जंतू कोणता आणि त्यावर औषध शिल्लक आहे का, हे बघून ठरवतात.

काही जंतू रुग्णाचे स्वतःचे असतात. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात कफ इतका घट्ट होतो की फुफ्फुसात वर्षानुवर्षं जिवाणू वस्ती करून राहतात. अशा रुग्णाचं एकच फुफ्फुस बदलून चालत नाही, कारण उरलेलं जुनं नव्यालाही बाधणार. म्हणून दोन्ही बदलतात. तरी नाकाभोवतीच्या पोकळ्या, म्हणजे सायनस, जुन्याच राहतात. तिथले जंतू हळूहळू खाली झिरपतात आणि काही महिन्यांत नव्या फुफ्फुसात तेच जुने शेजारी पुन्हा भेटतात.

जठरातूनही जंतू येतात, हे अनेकांना ठाऊक नसतं. छातीतून खाली जाणाऱ्या व्हेगस नावाच्या नसेला ऑपरेशनमध्ये इजा होऊ शकते. मग जठर रिकामं व्हायला वेळ लागतो, आंबट पाणी वर येतं, आणि झोपेत त्याचे थेंब नकळत श्वासनलिकेत उतरतात. ठसका तर लागतच नाही. वारंवार न्यूमोनिया होणाऱ्या काही रुग्णांत खरा उपाय अँटिबायोटिकमध्ये सापडत नाही. जठराच्या तोंडाशी झडप घट्ट करणाऱ्या छोट्या ऑपरेशनने काम होतं.

उरलेले जंतू सगळ्यांना भेटतात तेच, आधी हॉस्पिटलातले आणि घरी गेल्यावर समाजातले.

यांत सर्वांत जास्त नाव निघतं स्यूडोमोनास एरुजिनोसाचं. ओलाव्यात राहणारा, कशावरही जगणारा हा जिवाणू. श्वासनलिकेत, टाक्यांवर किंवा नळी उघडी राहावी म्हणून आत बसवलेल्या स्टेंटवर तो बुळबुळीत थर विणतो आणि त्याखाली दडून राहतो. थराच्या वरच्या जिवाणूंना औषध मारतं, तळातले मात्र सुस्तावलेले असतात. बरीचशी अँटिबायोटिक्स वाढणाऱ्या जिवाणूलाच गाठतात, त्यामुळे हे सुस्तावलेले वाचतात. आत शिरलेलं औषध परत बाहेर फेकणारे पंपही त्याच्या भिंतीत असतात. स्टॅफिलोकोकस ऑरियस, क्लेब्सिएला, असिनेटोबॅक्टर, स्टेनोट्रोफोमोनास ही मंडळीही नेहमीचीच. बर्कहोल्डेरिया सेनोसेपेशिया मात्र या सगळ्यांत बदनाम. हा जंतू फुफ्फुसात असलेल्या सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णाला अनेक केंद्रं प्रत्यारोपणच नाकारतात, कारण ऑपरेशननंतर तो रक्तात पसरला की आवरत नाही.

ताप न आलेला न्यूमोनिया

न्यूमोनिया म्हटलं की ताप, थंडी, खोकला, पिवळा बेडका हे चित्र डोळ्यांसमोर येतं. या रुग्णांत यातलं काहीच नसू शकतं. ताप चढवणारी यंत्रणा स्टेरॉइडने दबलेली आणि खोकल्याची वर्दी देणारे मज्जातंतू कापलेले. रुग्ण एवढंच सांगतो, की दोन दिवस गळून गेल्यासारखं वाटतंय, जिना चढताना जरा जास्त दम लागतोय.

म्हणून घरी एक छोटं यंत्र देतात, स्पायरोमीटर. छाती भरून श्वास घ्यायचा आणि जोराने फुंकायचं. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली त्याचा आकडा यंत्र दाखवतं, त्याला एफईव्ही-१ म्हणतात. रोज ठरलेल्या वेळी फुंकून तो वहीत लिहायचा. नेहमीच्या आकड्यापेक्षा सुमारे १० टक्क्यांनी घसरला आणि खालीच राहिला, तर अंगात ताप नसला तरी प्रत्यारोपण पथकाला फोन करायचा. मला विचाराल तर या सगळ्या खर्चिक उपचारांत सगळ्यात कमी लेखलं गेलेलं साधन हेच.

आकडा घसरला, पण कशामुळे? इथे खरा पेच सुरू होतो. जंतुसंसर्गात दम लागतो, आकडा पडतो, एक्स-रेवर पांढरट डाग दिसतो. शरीर फुफ्फुस नाकारू लागलं, म्हणजे रिजेक्शन झालं, तरी दम लागतो, आकडा पडतो, डाग दिसतो. आणि दोन्हींचे उपचार एकमेकांच्या विरुद्ध दिशेला जातात. रिजेक्शनमध्ये सहसा तीन दिवस शिरेतून स्टेरॉइडचे मोठे डोस देऊन प्रतिकारशक्ती आणखी दाबतात. मुळात संसर्ग असताना हे केलं तर आगीत तेल. उलट रिजेक्शनला संसर्ग समजून नुसती अँटिबायोटिक्स देत बसलं, तर तेवढ्या दिवसांत फुफ्फुसाचं कायमचं नुकसान होतं.

अंदाजावर जाण्यापेक्षा आत बघितलेलं बरं. सीटी स्कॅननंतर बहुधा ब्रॉन्कोस्कोपी होते. दुर्बिणीची बारीक नळी नाकातोंडावाटे श्वासनलिकेत नेतात, जोड नीट आहे का ते बघतात, संशयित भागात सलाईन सोडून ते परत ओढून घेतात आणि चिमट्याने फुफ्फुसाचे बारीक तुकडे काढतात. परत ओढलेल्या पाण्यातून जंतू कळतात, तुकड्यांतून रिजेक्शन. तेही नेहमी नाही. रिजेक्शन ठिपक्याठिपक्यांनी असतं, चिमटा नेमका निरोगी भागात पडला तर रिपोर्ट खोटा दिलासा देतो. शिवाय तुकडा काढताना रक्तस्राव होण्याचा किंवा फुफ्फुसाला भोक पडून छातीत हवा शिरण्याचा धोका असतो. आणि कधीकधी दोन्ही आजार एकाच वेळी हजर असतात.

त्या पाण्याचं कल्चर करताना प्रयोगशाळा एकाच गोष्टीवर थांबत नाही. नेहमीचे जिवाणू, क्षयाचे जंतू, बुरशी, सायटोमेगॅलोसारखे विषाणू असं सगळं तपासतात, कारण या रुग्णात कोणीही असू शकतं.

रिपोर्टमध्ये जंतूचं नाव आलं की घरच्यांना हायसं वाटतं, गुन्हेगार सापडला म्हणून. तिथेही थांबायला हवं. बदललेल्या फुफ्फुसात जंतू नुसताच वस्तीला असू शकतो, काही उपद्रव न देता. प्रयोगशाळा मोजदाद करते. परत ओढलेल्या पाण्याच्या एका मिलिलिटरमागे १०,००० किंवा जास्त जिवाणू वाढले तर संसर्गाची शक्यता जास्त धरतात. पण अँटिबायोटिक आधीच सुरू असेल तर आकडा फसवा निघतो. शेवटी लक्षणं, स्कॅन, फुंकरीचा आकडा आणि कल्चर असं सगळं समोर ठेवून ठरवावं लागतं. वस्तीला आलेल्या प्रत्येक जंतूवर औषध झाडत गेलं, तर खऱ्या आजाराच्या दिवशी औषध उरत नाही.

औषध कोणतं?

कल्चरचा पक्का रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात. आजारी रुग्णाला तेवढं थांबवून ठेवता येत नाही. म्हणून पहिली औषधं अंदाजाने, पण आवाका मोठा धरून देतात. स्यूडोमोनासवर चालणारं एक, जसं पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम, सेफेपिम किंवा मेरोपेनेम, आणि धोका असेल तर बहुतेक अँटिबायोटिक्सना न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकोकसवर चालणारं दुसरं. अंदाज हवेत बांधलेला नसतो. याच रुग्णाच्या आधीच्या कल्चरमध्ये काय वाढलं होतं आणि ते कशाला दाद देत होतं, याची जुनी फाइल इथे सोन्याच्या मोलाची. नवा रिपोर्ट आला की जाळं आखडतं घेतात. एका औषधाने भागत असेल तर दुसरं बंद.

स्टॅफिलोकोकसच्या औषधात एक मजेशीर सापळा आहे. डॅप्टोमायसिन हे त्यावरचं नामांकित औषध, रक्तातल्या संसर्गावर छान चालतं. न्यूमोनियात मात्र ते निकामी. हवेच्या फुग्यांच्या आतल्या बाजूला सरफॅक्टंट नावाचा साबणासारखा थर असतो, फुगे मिटू नयेत म्हणून. डॅप्टोमायसिन त्या थरालाच चिकटून बसतं आणि जिवाणूपर्यंत पोचतच नाही. प्रयोगशाळेच्या बशीत सरफॅक्टंट नसतो, त्यामुळे रिपोर्टवर लिहिलेलं असतं, हे औषध चालेल! अशा वेळी व्हॅन्कोमायसिन किंवा लिनेझोलिड वापरतात. व्हॅन्कोमायसिनने मूत्रपिंडावर ताण येतो. लिनेझोलिड फुफ्फुसात उत्तम उतरतं, पण दोन आठवड्यांच्या पुढे गेलं की प्लेटलेट घटू लागतात, आणि मायकोफेनोलेटही रक्तपेशी कमी करणारंच.

खरी अडचण हीच, की रुग्णाच्या अंगात आधीच अर्धा डझन औषधं असतात आणि नवीन येणारं औषध त्यांच्याशी जुळवून घेत नाही. टॅक्रोलिमसचं उदाहरण घेऊ. त्याची रक्तातली पातळी अगदी चिंचोळ्या पट्ट्यात ठेवावी लागते. कमी पडली तर रिजेक्शन, जास्त झाली तर मूत्रपिंड दुखावतं, हात थरथरतात. या औषधाला यकृत आणि आतड्यातलं एक एन्झाइम मोडीत काढतं. क्लॅरिथ्रोमायसिन हे घशाच्या-छातीच्या साध्या संसर्गात सहज लिहिलं जाणारं अँटिबायोटिक त्या एन्झाइमला अडवतं, त्यामुळे टॅक्रोलिमस रक्तात चढत जातं. क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन उलट करतं. ते एन्झाइम इतकं वाढवतं की टॅक्रोलिमसचा डोस कित्येक पट करूनही पातळी हाती लागत नाही. म्हणून क्षय झाला तर शक्यतो त्याचा सौम्य भाऊ रिफाब्युटिन वापरतात. अ‍ॅझिथ्रोमायसिन क्लॅरिथ्रोमायसिनच्याच कुटुंबातलं, पण या बाबतीत बरंच निरुपद्रवी. आणि अँटिबायोटिकमुळे जुलाब लागले तर? औषध वाहून जाईल आणि पातळी घसरेल असं वाटतं. होतं उलटं. आतड्याचं अस्तर दुखावलं की तिथलं एन्झाइम कमी पडतं आणि टॅक्रोलिमस जास्त शोषलं जातं. म्हणून अँटिबायोटिकच्या काळात त्याची पातळी पुन्हा पुन्हा तपासतात, आणि म्हणूनच बाहेरच्या कुठल्याही डॉक्टरांनी लिहिलेली गोळी प्रत्यारोपण पथकाला विचारल्याशिवाय घ्यायची नसते, अगदी साधी वाटली तरी.

टोब्रामायसिन, अमिकासिन, कोलिस्टिन ही हट्टी जिवाणूंवरची जुनी, दणकट औषधं. पण शिरेतून दिली तर मूत्रपिंडाला मारक, आणि टॅक्रोलिमसने मूत्रपिंड आधीच थकवलेलं. मग काही रुग्णांत ती नेब्युलायझरमधून वाफेसारखी थेट फुफ्फुसात देतात. तिथे औषध भरपूर पोचतं, रक्तात थोडंच उतरतं. श्वासनलिका आकसण्याची भीती असते, म्हणून पहिला डोस डॉक्टरांच्या देखत. तीव्र न्यूमोनियात नुसत्या वाफेवर विसंबत नाहीत. कफाने बंद झालेल्या भागात वाफ जाणार कशी? वस्तीला आलेला स्यूडोमोनास हटवायला किंवा दाबून ठेवायला ती जास्त उपयोगी.

औषध कसं सोडायचं, यालाही महत्त्व आहे. मेरोपेनेमच्या जातीची औषधं जिवाणूला किती जोराने मारतात यापेक्षा किती वेळ त्याच्याभोवती टिकतात यावर यश ठरतं. म्हणून तोच डोस अर्ध्या तासात न देता तीन-चार तास सावकाश सोडतात. टोब्रामायसिनचं नेमकं उलट, दिवसातून एकदाच मोठा डोस आणि मग विश्रांती.

सगळ्या नेहमीच्या औषधांना पुरून उरणारे जिवाणू आता वाढत आहेत. त्यांच्याकडे अँटिबायोटिक कापणारी कात्री असते, म्हणजे तसं एन्झाइम. सेफ्टाझिडिम-अ‍ॅव्हिबॅक्टम या जोडीतलं अ‍ॅव्हिबॅक्टम ती कात्री जाम करतं आणि सेफ्टाझिडिम आपलं काम करतं. काही कात्र्या तरीही जाम होत नाहीत, तेव्हा जोडीला अ‍ॅझट्रिओनाम देतात. सेफिडेरोकॉलची युक्ती वेगळीच. जिवाणूला लोह लागतं आणि ते आत घ्यायला त्याने खास दारं ठेवलेली असतात. सेफिडेरोकॉल लोहाला चिकटून त्याच दारांतून आत शिरतं. ही औषधं राखून वापरायची असतात. स्वस्तात मिळाली असती तरी मी हेच म्हटलं असतं.

कोर्स किती दिवसांचा? बहुतेक वेळा ७ ते १४ दिवस. रुग्ण नाजूक म्हणून महिनाभर चालू ठेवू, असा विचार मनात येतो खरा, पण लांबलेल्या कोर्सने हट्टी जंतूच निवडले जातात. गळू झालं असेल, जोड चिघळला असेल किंवा जंतू सावकाश वाढणारा असेल, तर मात्र आठवडे-महिने लागतात.

आणि औषधाबरोबर अंगमेहनतही आहेच. साठलेला कफ दुर्बिणीतून ओढून काढतात. जोड आकसून नळी अरुंद झाली असेल तर फुगा फुगवून ती रुंद करतात, गरज पडली तर स्टेंट बसवतात, कारण तुंबलेल्या नळीमागचा न्यूमोनिया औषधाने बरा झाला तरी परत येणार. फिजिओथेरपिस्ट रुग्णाला खोकला यायची वाट न बघता वेळ ठरवून खोकायला शिकवतात.

दाब थोडा सैल करायचा का?

संसर्ग झालाय तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं काही दिवस बंद का करत नाहीत, असं घरचे विचारतात. रास्त प्रश्न. साध्या न्यूमोनियात सहसा काही बदलत नाहीत. जिवावर बेतलेल्या संसर्गात आधी मायकोफेनोलेट थांबवतात आणि टॅक्रोलिमस पट्ट्याच्या खालच्या टोकाला ठेवतात. स्टेरॉइड मात्र अचानक थांबवता येत नाही. महिनोन्महिने बाहेरून मिळाल्याने शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं जवळजवळ सोडलेलं असतं, ते बंद केलं तर रक्तदाब कोसळतो. गंभीर आजारात उलट ते थोडं वाढवावं लागतं. मूत्रपिंडाच्या बाबतीत दाब बराच सैल करता येतो, कारण नवं मूत्रपिंड गेलं तरी डायलिसिसवर माणूस तगतो. फुफ्फुसाला तसा सोयीचा पर्याय नाही.

काही रुग्णांच्या रक्तात अँटिबॉडीच फार कमी उरलेल्या असतात. त्यांतल्या आयजीजी या मुख्य प्रकाराची पातळी दर १०० मिलिलिटरमागे ४०० मिलिग्रॅमच्या खाली असेल आणि संसर्ग वारंवार होत असतील, तर बाहेरून इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटिबॉडी, देण्याचा विचार करतात. मोजायला सोपी पण विसरली जाणारी तपासणी.

नेहमीच्या यादीबाहेरचे

ऑपरेशननंतर काही दिवसांत किंवा आठवड्यांत रुग्ण एकाएकी असंबद्ध बोलू लागतो, गुंगीत जातो, झटके येतात. रक्तात अमोनिया बेसुमार वाढलेला, यकृत मात्र ठणठणीत. हे कोडं अनेक वर्षं सुटत नव्हतं आणि बहुतेक रुग्ण दगावत. २०१५ च्या सुमारास त्यामागे यूरियाप्लाझ्मा नावाचा चिमुकला जिवाणू असल्याचं पुढे आलं. तो युरिया फोडून जगतो आणि त्यातून अमोनिया सुटतो. साध्या कल्चरमध्ये तो वाढत नाही, मुद्दाम पीसीआर तपासणी मागावी लागते. त्याला पेशीभित्तिकाच नसते, त्यामुळे भित्तिका फोडणारी पेनिसिलिनच्या घराण्यातली सगळी औषधं, अगदी मेरोपेनेमसुद्धा, त्याच्यापुढे पाण्यासारखी. डॉक्सीसायक्लिन, लिव्होफ्लॉक्सासिन, अ‍ॅझिथ्रोमायसिन असली औषधं वेळेत सुरू केली आणि डायलिसिसने अमोनिया काढला, तर रुग्ण वाचू शकतो.

नोकार्डिया हा मातीतला जिवाणू. तो फुफ्फुसात सापडला तर मेंदूचाही स्कॅन करतात, कारण तिथे जाऊन बसायची त्याला खोड आहे. त्यावर कोट्रायमोक्साझोल महिनोन्महिने द्यावं लागतं.

क्षयाच्या जंतूचा दूरचा नातलग मायकोबॅक्टेरियम अ‍ॅब्सेसस याच्याइतका चिवट दुसरा कोणी नसावा. तीन-चार औषधं एकदम, कित्येक महिने, आणि तरी खात्री नाही. २०१९ साली लंडनच्या एका मुलीची हकीकत प्रसिद्ध झाली. सिस्टिक फायब्रोसिसमुळे दोन्ही फुफ्फुसं बदललेली, वय १५, आणि हा जंतू अंगभर पसरलेला. औषधं थकल्यावर डॉक्टरांनी पिट्सबर्गमधल्या ग्रॅहम हॅटफुल यांच्या प्रयोगशाळेकडे धाव घेतली. तिथे जिवाणूंना खाणाऱ्या विषाणूंचा, म्हणजे फाजांचा, मोठा साठा आहे. तिच्या जंतूवर चालणारे तीन फाज निवडले. त्यातला एक दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनला सडलेल्या वांग्यावर मिळाला होता. उरलेल्या दोघांत जनुकीय फेरफार करावे लागले. शिरेतून हे मिश्रण देत गेल्यावर छातीची जखम भरली, त्वचेवरच्या गाठी बऱ्याचशा विरल्या, यकृत सुधारलं. फाज माणसाच्या पेशींना शिवत नाहीत. पण प्रत्येक रुग्णाच्या जंतूला त्याचाच फाज शोधावा लागतो, त्यामुळे हा उपाय अजून मोजक्यांच्या वाट्याला येतो.

जंतू गेल्यानंतर

संसर्ग बरा झाला तरी फुफ्फुस तो विसरत नाही. दाह ओसरताना बारीक श्वासनलिकांत व्रण राहतात, आणि शरीराचं लक्ष पुन्हा परक्या अवयवाकडे वळलेलं असतं. यातून हळूहळू जुनाट रिजेक्शन उभं राहतं. प्रत्यारोपणानंतर पाच वर्षांत जवळपास निम्म्या रुग्णांना ते गाठतं. स्यूडोमोनास ज्यांच्यात ठाण मांडून बसतो त्यांच्यात त्याचा धोका अधिक. अ‍ॅझिथ्रोमायसिन आठवड्यातून तीनदा, महिनोन्महिने देतात ते यासाठी. इथे ते जंतू मारायला दिलेलं नसतं, दाह शमवायला असतं. औषध एकच, नोकरी दुसरी.

संसर्ग टाळण्याच्या गोष्टी फार नाहीत. फ्लू आणि न्यूमोकोकसच्या लशी वेळच्या वेळी घ्यायच्या, जिवंत विषाणूंच्या लशी टाळायच्या, माती-कुजलेल्या पाल्यात हात घालायचा नाही, प्रतिबंधासाठी दिलेलं कोट्रायमोक्साझोल सांगितलंय तितके दिवस चुकवायचं नाही.

आणि स्पायरोमीटर. सलाईनची सुई निघते, कोर्स संपतो, रुग्ण घरी येतो, तरी फुंकर मारणं चालूच राहतं. तुलना होते ती ऑपरेशननंतरच्या काळात गाठलेल्या त्याच्याच सर्वोत्तम आकड्यांशी. त्याच्या २० टक्के किंवा अधिक खाली घसरलेला आकडा तीन महिने उलटूनही वर आला नाही आणि दुसरं काही कारण सापडलं नाही, तर डॉक्टर फाइलवर जुनाट रिजेक्शन लिहितात. त्या तीन महिन्यांत रोज सकाळी छाती भरून श्वास घ्यायचा, जोराने फुंकायचं आणि आकडा वहीत टिपायचा.